चिक्कतायम्माने दिलेल्या अळ्या

सुगुणाला तो जीन सापडला त्या दिवशी आमच्या सरांनी स्वतः म्हैसूरपाक आणला आणि खोका हातात धरून सगळ्या मजल्यावर वाटला. सर म्हणजे डॉ. अनंतपद्मनाभ. कॉफीतसुद्धा साखर जपून घेणारा माणूस. ते असे दारोदार फिरताहेत म्हटल्यावर खालच्या मजल्यावरची मंडळी जिना चढून विचारायला आली, "नातू झाला की काय, सर?"

"नातवाचं काय घेऊन बसलात! आपल्या म्हैसुरी अळीत माशीचा जीन निघालाय."

मंडळींनी म्हैसूरपाक घेतला, माना डोलावल्या आणि जिना उतरता उतरता एकमेकांना विचारलं, हे चांगलं झालं म्हणायचं की वाईट?

मी तेव्हा बेसिनपाशी खल धूत होते. माझं नाव पुट्टलक्ष्मी. इथे सगळे पुट्टक्का म्हणतात. रेशमाच्या या संस्थेत मी आले ती अळ्यांना तुतीचा पाला घालायला. पुढे प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायला वर बोलावलं. धुता धुता 'यात काय होतं?' असं विचारायची खोड लागली, आणि उत्तरं देणारी मुलं भेटत गेली. आता अळी वाटून तिचा डीएनए काढायचं काम माझ्याकडे आहे. त्यातला हवा तो तुकडा यंत्रात वाढवायचा, मऊ जेलीच्या वडीत घालून वीज सोडायची आणि दिव्याखाली बघायचं. तुकडा असला तर पट्टी चमकते. नसला तर अंधार. आमच्या मजल्यावर कोण जेवेल आणि कोण डबा तसाच घरी नेईल, हे त्या पट्टीवर ठरतं.

सुगुणा सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, कोल्लेगालची. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग, त्यामुळे रेशीम तिला धाग्यापासून माहीत होतं. अळीपर्यंत ती उलटी चालत आली. तिचा प्रश्न साधा होता. परदेशी जातीची अळी पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कोष करते, पण जरा उकाडा वाढला, जरा रोग आला की मान टाकते. आपली जुनी म्हैसुरी अळी लहानसा, हिरवट पिवळा कोष करते, पण तगते. कशी तगते? रोगजंतूंशी लढणारा असा कुठला जीन तिच्यात आहे?

आमच्या संस्थेतल्या म्हैसुरी अळ्यांत तिला वेगळं काहीच मिळालं नाही. मग सरांनी तिला हुलियूरदुर्गच्या अलीकडे एका खेड्यात पाठवलं. तिथली चिक्कतायम्मा नावाची म्हातारी म्हैसुरी अळीचं जुनं घराणं राखून आहे. सासूकडून सुनेकडे आलेलं, बाहेरचा नर कधी शिरू न दिलेलं. सुगुणा तिथून अळ्या बर्फात घालून घेऊन आली. मी त्या वाटल्या. आणि प्रत्येक अळीत पट्टी चमकली. अशी झळझळीत, की मला वाटलं दिवाच बिघडलाय. तुकडा अक्षर न् अक्षर वाचून आणला तर तो जुळला माशांच्या जीनशी. नेमकी कुठली माशी ते कळेना, पण होती माशीच.

सरांचं म्हणणं तयार झालं. फार पूर्वी कधीतरी हा जीन माशीतून अळीत आला. संस्थेतल्या लाडावलेल्या अळ्यांनी तो गमावला, खेड्यातल्या जुन्या घराण्याने जपला. येत्या शुक्रवारी दिल्लीचे तज्ज्ञ येणार होते, त्यांच्यासमोर हे सांगायचं. त्यानंतर महिन्याभरात सर निवृत्त होणार. "जाताना म्हैसूरसाठी काहीतरी ठेवून जातो," ते म्हणायचे, आणि म्हणताना अगदी लहान मुलासारखे दिसायचे.

सुगुणाचं तर सगळंच यावर होतं. शिष्यवृत्ती उगादीला, म्हणजे पाडव्याला, संपायची होती. जीन खरा ठरला तर पीएचडी. खोटा ठरला तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात, आणि कोल्लेगालला आई स्थळांचे फोटो घेऊन बसलेलीच होती.

आणि तरी ही बया काय करते? जो तो अभिनंदन करत असताना माझ्यापुढे पतंगांची डबी ठेवते.

"हे कुठून आणलेस?"

"त्याच अळीघरातले. मागे येताना थोडे कोषही आणले होते, त्यातून बाहेर आलेत. यांचे पाय वाटून दे ना, अक्का."

"कशाला? अळीत पट्टी दिसली की."

"अळीत आहे तर पतंगात नको असायला? जीव तर तोच. अळीने कपडे बदलले म्हणून जीन कुठे जाईल?"

वाटले. पतंगांत अंधार. एकूणएक अंधार.

सर आले, चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "पुट्टक्का, वाटण नीट झालं नाही."

"सर, मला काय हवं ते बोला, माझ्या खलाला नावं ठेवू नका."

"सर, वाटण बरोबर आहे," सुगुणा म्हणाली. "प्रत्येक रेशीम अळीत असतो तो नेहमीचा जीन शेजारी लावलाय. तो पतंगांतही चमकतोय बघा. फक्त आपलाच नाही."

"मग पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. तेच. सरांनी शुक्रवारच्या भाषणाचा कागद टेबलावर उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागच्या व्हरांड्यात जेवायला बसलो. माझ्या डब्यात नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि हुलग्याचं सार होतं. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. सुगुणाने एक घास गिळला आणि हात तसाच ताटावर धरून बसली.

"काय गं, घशात अडकला?"

"अक्का, आत्ताच्या आत्ता मला वाटून डीएनए काढलास, तर त्यात नाचणी निघेल ना?"

"निघेल. हुलगे पण निघतील. आणि माझ्या हातची चव निघेल. पण जेवताना हे काय बोलणं!"

"म्हणजे अळीत जे दिसलं ते अळीचंच असेल असं नाही. तिच्या पोटातलं असू शकतं."

"तिच्या पोटात तुतीचा पाला. अळी काय माशी खाते?"

सुगुणाने माझ्याकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाली, "अळी माशीला खात नाही, अक्का. माशी अळीला खाते."

रेशमाच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उझी माशी. अळीच्या अंगावर एवढंसं अंडं घालते, अंड्यातून किडा निघतो, अळीची कातडी भोकसून आत शिरतो आणि आतून तिला खात वाढतो. शिरला तिथे काळा डाग राहतो.

"पण डाग दिसला असता की," मी म्हटलं.

"तू अळी धुतली होतीस?"

कशी धुणार? गोठवलेली अळी थेट खलात जाते. धुवायला घेतली तर वितळते आणि डीएनए सडतो. आणि त्या अळ्या तर चुन्याने पांढऱ्याफटक होत्या. रोग नको म्हणून अळीघरात चुना भुरभुरतातच. सुगुणानेच नव्हे, मीसुद्धा त्या चुन्याकडे बघून 'म्हातारी स्वच्छतेची दिसते' एवढंच म्हटलं होतं.

सुगुणाने मुद्दे तसेच टाकले. शीतपेटीतल्या उरलेल्या अळ्यांतली एक तिने काढली, नळाखाली धरली. चुना वाहून गेला. पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, काळा ठिपका. तिने कात्रीच्या टोकाने कातडी उघडली. आत पांढरा किडा, अंग मुडपून, परक्याच्या घरात निजलेल्या पाहुण्यासारखा.

"म्हणून पतंगांत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मुळीच कापत नव्हता, उलट भलताच स्वच्छ झाला होता. "ज्या अळीत हा असतो तिचा पतंग होतच नाही. ज्या पतंग झाल्या त्या सगळ्या याच्या तावडीतून सुटलेल्या."

मला रडू येत होतं. ती मात्र पुढची अळी धूत होती. तिच्यातही किडा. त्यापुढचीतही.

"एखाद्या अळीत निघाला असता तर नशीब म्हटलं असतं," सुगुणा म्हणाली. "सगळ्यांत कसा? अळीघरात इतक्या अळ्या, आणि माझ्या वाट्याला तेवढ्या उझीच्याच?"

"म्हातारीने मुद्दाम दिल्या म्हणतेस?"

"ते तिलाच विचारू या. आणि चांगल्या अळ्याही मागू या. त्याच घरातल्या, त्याच घराण्यातल्या निरोगी अळीत पट्टी दिसली नाही, तरच हे सिद्ध होतं. नाहीतर माझा नुसता अंदाज."

सकाळच्या बसने आम्ही निघालो. मद्दूरला बस बदलायची होती. दोन वडे घेतले, ते सुगुणाने दोन्ही खाल्ले. मला वाटलं होतं ही खिडकीतून बाहेर बघत उसासे टाकेल.

चिक्कतायम्माचं नवं पीक ऐन भरात होतं. अळ्या पिकायला आलेल्या, अंग पारदर्शक, पिवळसर. दोन दिवसांत चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायच्या त्या बांबूच्या गोल चटईवर, चढवायच्या. म्हातारी अळ्या वाढवायच्या पसरट तट्ट्यापाशी उकिडवी बसून अळ्या निवडत होती. मांडीपाशी एक जर्मनची थाळी. हात चालू ठेवूनच ती म्हणाली, "पाय चुन्यात बुडवा आधी. ही दुसरी कोण?"

"मी पुट्टलक्ष्मी, अज्जी. तुमच्या अळ्या वाटते ती मीच."

"अगं बाई. चेहऱ्यावरून तर तशी वाटत नाहीस."

सुगुणा तिच्यासमोर बसली. "अज्जी, मागच्या खेपेला मला कुठल्या अळ्या दिल्यात?"

"या काय," म्हातारीने हनुवटीने थाळी दाखवली. थाळीत काळ्या ठिपक्यांच्या अळ्या वळवळत होत्या. "निवडून काढते त्या. एरवी साबणाच्या पाण्यात जातात. तू मागितल्यास, तुला दिल्या."

"पण अज्जी, मी म्हैसुरी अळीचा अभ्यास करायला आले होते!"

"मग? ही काय बेंगळुरी आहे?"

मी तोंडाला पदर लावला.

"चांगली का नाही दिलीत?" सुगुणाने विचारलं.

म्हातारीचे हात पहिल्यांदा थांबले. "ऐक. पिकायला आलेली अळी म्हणजे उंबऱ्याशी आलेली लक्ष्मी. ती घराबाहेर द्यायची नाही. माझ्या सासूने दिली नाही, मी देत नाही. इथे कुणीच देत नाही, विचार गावात. घेणारा तिला चंद्रिकेवर चढवणार असला तर एक वेळ विचार करीन. तू काय म्हणालीस? 'अज्जी, वाटून बघायच्यात.' वाटायच्याच होत्या तर चांगल्या कशाला नासायच्या? मरायला टेकलेल्या दिल्या. दोघींचं भागलं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

"आज मात्र चांगल्याच हव्यात, अज्जी," सुगुणा म्हणाली.

"नाही."

"अज्जी, तिकडे म्हैसूरला मोठमोठी माणसं जमणार आहेत. तुमच्या घराण्याच्या अळीत माशीचं रक्त आहे असं आमच्याच चुकीमुळे पसरलंय."

"माशीचं?" म्हातारी ताठ झाली. "माझ्या अळीत? कोण म्हणतो?"

"मीच म्हणत होते. आता मीच सगळ्यांसमोर सांगणार आहे, की नाही, अळी स्वच्छ आहे. पण डागाळलेल्या दाखवून ते कसं सांगू?"

म्हातारीने हातातली डागाळलेली अळी थाळीत टाकली. मग उठली, हात धुतले आणि कडेच्या नव्हे, तट्ट्याच्या मधोमधच्या, मुलीच्या करंगळीएवढ्या टपोऱ्या अळ्या एकेक करून उचलल्या. सुगुणाने तिथेच त्या धुतल्या, उलटसुलट करून बघितल्या, नळ्यांत घातल्या. नळ्या बर्फात ठेवणार तोच म्हातारी म्हणाली, "थांब." आत जाऊन कुंकवाची डबी घेऊन आली आणि एकेका नळीच्या झाकणाला बोट लावलं.

"मुलगी सासरी निघाली की मोकळ्या कपाळाने पाठवत नाहीत."

"कसलं सासर, अज्जी," मी म्हटलं. "तिथे बर्फ आणि खल."

"सगळ्यांचंच सासर तसलं असतं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा निवडायला बसली.

त्या अळ्या वाटताना माझा हात जड झाला, खोटं कशाला सांगू. झाकणावरचं कुंकू मी पुसलं नाही. वडीत एका बाजूला उझीच्या अळ्या लावल्या, मधे नुसता किडा, दुसऱ्या बाजूला म्हातारीच्या लक्ष्म्या. दिवा लावला. एका बाजूला झळझळीत पट्ट्या, मधे किड्याची सगळ्यांत झळझळीत. आणि लक्ष्म्यांच्या बाजूला अंधार. काळाभोर, स्वच्छ, एक ठिपका नाही. आयुष्यभर मी चमकणाऱ्या पट्टीसाठी देव पाण्यात ठेवले; अंधार बघून हात जोडले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सुगुणाने तो फोटो काढला आणि ती सरळ सरांच्या खोलीत गेली. मी मागे गेले. बोलायला नव्हे, पाणी लागलं तर असावं म्हणून.

तिने सगळं सांगितलं. मुद्द्यापासून कुंकवापर्यंत. सर फोटो हातात धरून बसले. म्हैसूरपाकाचा रिकामा खोका टेबलावरच होता, त्यात त्यांनी पेनं ठेवली होती.

मग त्यांनी विचारलं, "केवढा होता?"

"काय, सर?"

"किडा गं. आत निघाला तो."

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"म्हणजे नुकताच शिरलेला. आणि एवढ्याशा किड्यातूनही पट्टी इतकी स्पष्ट आली?" ते खुर्चीत पुढे सरकले, मग आपण काय गमावलंय ते आठवून पुन्हा मागे टेकले. "पुट्टक्का, मी अख्ख्या मजल्याला म्हैसूरपाक वाटला."

"चांगला होता सर. तूप भरपूर होतं."

ते हसले, पण हसू पुरतं टिकलं नाही. "शुक्रवारी 'अजून तपासतो आहोत' एवढंच म्हटलं तर? नंतर तू सावकाश दुरुस्त कर. तोवर मी गेलेला असेन."

"नाही, सर." सुगुणा उभीच होती. "पट्टी खोटी नाही. पट्टी पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती, आपण तिचं नाव चुकीचं ठेवलं. खरं नाव मला माहीत झालंय, ते मी सांगणार. आणि त्याच्यापुढचंही सांगणार."

"पुढचं काय?"

तिने सांगितलं. ऐकता ऐकता सरांनी खोक्यातलं पेन काढलं, भाषणाचा उलटा कागद जवळ ओढला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. शेवटी म्हणाले, "मग तूच बोल. मी पहिल्या रांगेत बसतो. कुणाला हसायचं असेल तर माझ्या टकलावरून हसावं लागेल."

शुक्रवारी मी सभागृहाच्या दाराशी कॉफीच्या ट्रेजवळ उभी होते. सुगुणाने मोरपिशी साडी नेसली होती, आईच्या मागावरची. तिने सुरुवातच अशी केली: "आम्हाला म्हैसुरी अळीत माशीचा जीन सापडला होता. त्याचं कारण, अळीत माशी होती." कुजबुज झाली, मागे कुणी खुदकन हसलं. सरांनी मान वळवून बघितलं, हसू थांबलं.

दिल्लीचे पाहुणे सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सापडलं काय? उझी तर सगळ्यांना माहीत आहे."

"अळीघरातली माहीत आहे, सर," सुगुणा म्हणाली. "पीक निघालं, अळीघर धुतलं, जाळ्या लावल्या, महिनाभर तिथे एक अळी नाही. तरी पुढच्या पिकाला उझी हजर. मधल्या दिवसांत ती कुणाच्या पोटात राहते? कुंपणावरच्या एरंडावर, बांधावरच्या झुडपांवर नाना जातींच्या अळ्या असतात. कुणात उझी दडलीय ते वरून बघून कळत नाही, आणि पाळून बघावं तर निम्म्या मरतात. आता पाळायला नको. वाटली, की पट्टी सांगते. नुकताच शिरलेला, तांदळाएवढा किडा असला तरी सांगते. मला प्रत्येक गावाच्या बांधावरच्या अळ्या हव्यात."

पाहुण्यांनी चष्मा लावला. "तो मधला फोटो पुन्हा दाखवा," ते म्हणाले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, कॉफी गार झाली, मी ती दोनदा बदलली. शेवटी सर उठले आणि एवढंच म्हणाले, "हिच्या प्रबंधाचं नाव बदलतो आहोत. माझी सही चालते तोवर बदलून घ्या." पाहुण्यांनी सांगितलं की शिष्यवृत्तीच्या मुदतीचं ते स्वतः बोलतील, कारण हे काम उगादीला संपण्यासारखं नाही.

संध्याकाळी सुगुणा साडीचा पदर खोचून बेसिनपाशी माझ्याबरोबर खल धूत होती, आणि माझा फोन वाजला. चिक्कतायम्मा. तिच्या नातवाच्या फोनवरून, फोन म्हणजे रान ओलांडून हाका मारायचं साधन असल्यासारखी ओरडत.

"काय झालं माझ्या अळ्यांचं?"

मी फोन सुगुणाच्या कानाला लावला, तिचे हात साबणाचे होते. "अज्जी, सगळ्यांसमोर सांगितलं. तुमच्या अळ्या एकदम स्वच्छ. एकीतही खोट नाही."

"नव्हतीच," म्हातारी म्हणाली. "पण तुम्हाला मारल्याशिवाय विश्वास बसत नाही." मग म्हणाली, "कुंपणावरच्या एरंडावर केसाळ अळ्या खंडीभर झाल्यात. त्या हव्या असतील तर ये. त्या हव्या तितक्या वाट."